अजून थोडं डावीकडे

काचेची दारं आपोआप सरकली आणि मास्तरीण सामानाची गाडी ढकलत विमानतळाबाहेर आली, तेव्हा समोरच्या गर्दीत तिला नवरा दिसलाच नाही. दिसला तो एक वाळका माणूस, नवाकोरा शर्ट घातलेला, घडीच्या रेघासुद्धा न मोडलेला. तो हात हलवायला लागला तेव्हा कुठे तिला कळलं की हाच आपला.

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत शिकवते म्हणून नव्हे; बायकांचे ब्लाउज आणि ड्रेस शिवणारी टेलरमास्तर, म्हणून मास्तरीण. समोरच्याचं माप नजरेनंच घ्यायची तिची सवय. तिनं नवऱ्याचं माप घेतलं. छातीत चांगला दोन इंच उतरलेला, आणि कॉलरमध्ये तर बोट काय, अख्खी मूठ गेली असती.

"अहो, हे काय? अर्धे झालात की!"

"इथलं पाणी मानवत नाही."

"इतकी वर्षं मानवलं ते?"

तो हसला, पण ते हसणं ओठांपुरतंच होतं.

तो इथे क्रेन चालवायचा. मोठमोठ्या इमारती बांधताना जी आकाशात आडवा हात पसरून उभी असते ती क्रेन, आणि तिच्या टोकाजवळच्या काचेच्या केबिनमध्ये हा. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात, मोटारी काडेपेट्यांएवढ्या, असं तो फोनवर सांगायचा. मास्तरीण ते ब्लाउजचं माप घेता घेता गिऱ्हाइकांना ऐकवायची. "आमचे हे ढगात कामाला असतात," म्हणायची, आणि बायका हसायच्या. दर वर्षी तो सुट्टीला घरी यायचा. या वर्षी सुट्टी मिळत नाही म्हणाला आणि त्यानंच तिला महिनाभरासाठी बोलावून घेतलं. लेकीला नणंदेकडे ठेवून ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती.

"आणि पैलवानभावजी कुठायत? ते येणार होते ना मला घ्यायला?"

पैलवान म्हणजे नवऱ्याचा जोडीदार. तो खाली जमिनीवर उभा राहून क्रेनच्या हुकाला माल बांधायचा आणि वॉकीटॉकीवरून वरच्याला दिशा सांगायचा. अंगानं नुसती काडी, म्हणून सगळे पैलवान म्हणायचे. वारा सुटला की उडून जाऊ नये म्हणून खिशात नटबोल्ट भरून फिरतो, असं नवरा सांगायचा. मास्तरणीनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज पक्का ओळखीचा होता. नवराबायकोचं बोलणं रंगात आलं की हा हमखास मध्ये तोंड घालायचा. "वहिनी, तुमचा नवरा वर बसून डुलक्या काढतो, मी खालून ओरडून जागा ठेवतो. या एकदा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"तो गावी गेला," नवरा म्हणाला आणि तिच्या हातातून सामानाची गाडी घेतली.

"गावी? मागे तर म्हणालात दुसऱ्या साईटवर पाठवलंय, तिथे फोन लागत नाही."

"आधी दुसऱ्या साईटवर. मग गावी." तो भराभर चालायला लागला. "चल, बस निघेल."

खोली एका इलेक्ट्रिशियनची होती. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून महिनाभर तो कंपनीच्या खोलीत झोपायला गेला आणि आपली खोली यांना दिली. नवऱ्यानं ती धुऊनपुसून लख्ख केली होती. पलंगावर नवी चादर, ओट्यावर नवा कुकर, दाराशी तिच्या मापाच्या चपला. चहा-साखरेचे डबे त्यानं घरच्यासारखेच डावीउजवीकडे मांडले होते. ते बघून तिला भरून आलं. तरी एक गोष्ट खटकली. खोली तळमजल्यावर होती. खिडकी उघडली की समोर भिंत आणि कचऱ्याचे दोन मोठे डबे.

"ढगातला माणूस आणि घर पाताळात?" तिनं चेष्टा केली.

"हीच मिळाली."

पण दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन आपलं काही सामान न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "वहिनी, सातव्या मजल्यावरची मित्राची खोली जास्त चांगली होती. हवेशीर. यांनीच नको म्हटलं." नवऱ्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा अर्धा ठेवून उठला.

पहिले काही दिवस असेच गेले. नवरा सकाळी उठून कामाला जायचा, संध्याकाळी यायचा. मधला सगळा वेळ मास्तरीण एकटी. ती बाहेरच्या रस्त्यावर जाऊन यायची, दुकानात हातवारे करून भाजी घ्यायची, आणि रस्त्यावरच्या बायकांचे कपडे बघायची. शिवण कुठे फसलीय ते तिला लांबून दिसायचं. पण तिचं सगळं लक्ष नवऱ्यावर होतं. बाहेरून तो तिची सरबराई करत होता. रोज काहीतरी आणायचा, जेवण झालं की भांडी घासायचा, तिला बसवून स्वतः चहा करायचा. एवढी सरबराई पाहुण्याची करतात, बायकोची नव्हे. आणि बोलायचा काय, तर काही नाही. फोनवर हाच माणूस तोंडाचा पट्टा सोडायचा. आता हातभर अंतरावर बसून बोलायला विषय सापडत नव्हता.

शिवाय तो फोन. जेवायला बसलं की बऱ्याचदा वाजायचा. तो पडद्याकडे बघायचा आणि फोन पालथा घालायचा.

"कोणाचा होता?"

"कंपनीचा."

"मग उचला की."

"उगाच डोकं खातात."

एकदा तो फोन पालथा घालायच्या आत तिची नजर गेली. नंबर तिकडचा होता, आपल्या देशातला. कंपनी काय तिकडून फोन करणार? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणूस वाळलाय, झोपत नाही, बायकोपासून फोन लपवतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तऱ्हा तिनं गिऱ्हाइकांच्या तोंडून पुष्कळ ऐकली होती. मापं घेताना बायका मन मोकळं करतात. तेव्हा ती त्यांना सल्ले द्यायची. आता स्वतःवर पाळी आली आणि एकही सल्ला आठवेना.

सुट्टीच्या दिवशी त्यानं तिला एका मोठ्या दुकानसंकुलात नेलं. पाच मजले, मधोमध मोकळी जागा, काचेची लिफ्ट. मास्तरीण लहान मुलीसारखी हरखली. "वर जाऊ या ना. वरून सगळं शहर दिसत असेल. मग तुमची क्रेन कुठली ते दाखवा."

"खालीच बरंय. वर महागडी दुकानं."

"घ्यायचंय कुठे काय? बघायला कोण पैसे घेतंय!" तिनं त्याचा हात धरून ओढला.

लिफ्ट सुरू झाली. जमीन खाली सरकायला लागली आणि त्यानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तो बाहेर आला आणि भिंतीला पाठ लावून सरळ खाली बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. येणारेजाणारे बघत होते. मास्तरणीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का? डॉक्टरकडे जाऊ या."

"काही नाही. जिना कुठाय बघ. जिन्यानं उतरू या. भिंतीकडच्या बाजूनं."

परत येताना बसमध्ये ती त्याच्या हातावर हात ठेवून बसली, पण डोक्यात चक्रं फिरत होती. हा माणूस क्रेनवर कसा चढतो? का चढतच नाही? मग रोज सकाळी जातो कुठे?

उत्तर मिळालं ते दोन दिवसांनी, संध्याकाळी. तो आंघोळीला गेला होता आणि फोन पलंगावर राहिला होता. वाजला. तोच नंबर. मास्तरणीनं पदर खोचला, जसं कुणाशी भांडायलाच निघालीय, आणि फोन उचलला.

"हॅलो."

पलीकडून एका बाईचा आवाज. "दादा नाहीत का?"

दादा म्हणून हाक मारणाऱ्या बायकाही तिनं ऐकल्या होत्या. "ते आंघोळीला गेलेत. तुम्ही कोण?"

"तुम्ही ताई का? पोचलात होय तुम्ही? हे सांगायचे, दादांच्या घरच्या येणार आहेत म्हणून. फार उत्साह होता त्यांना."

"हे म्हणजे कोण?"

"तिथे त्यांना पैलवान म्हणायचे."

मास्तरणीचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी एक शब्द टोचला. "म्हणायचे?"

पलीकडची बाई हळूच म्हणाली, "ताई, दादांनी तुम्हाला सांगितलं नाही का?"

मास्तरीण पलंगावर टेकली. पलीकडून ती बाई सांगत राहिली, अगदी शांतपणे, जणू शेजारच्या कुणाचं सांगतेय. कामावर अपघात झाला. वरून सळया पडल्या. पेटीतून घरी आणलं. तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाही. "मला दादांवर राग नाही हो. चौकशी झाली, माल बांधायचा पट्टा तुटला असं कळवलंय. मला एवढंच विचारायचंय, शेवटी ते काय बोलले? दादांच्या कानात ते यंत्र असायचं ना. हे जे बोलले ते फक्त दादांनीच ऐकलं. दुसऱ्या कुणाला माहीतच नाही. म्हणून करते फोन. त्यांना सांगा, एकदा उचला म्हणावं."

"सांगते," मास्तरीण म्हणाली. "मी स्वतः त्यांना बसवते तुमच्याशी बोलायला."

नवरा केस पुसत बाहेर आला. तिच्या हातात फोन बघून तो जागीच थबकला. टॉवेल डोक्यावर तसाच राहिला.

"मला वाटलं तुमची कुणी बाई आहे," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "बाई असती तर बरं झालं असतं हो."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. मग बोलायला लागला ते थांबेचना.

सळयांचा भारा होता. रोजचंच काम. पैलवाननं खालून पट्टे लावले, हात वर केला, यानं भारा उचलला. दुसऱ्या बाजूला नेऊन उतरवायचा होता. तिथे पैलवान आधीच जाऊन उभा राहिला आणि दिशा सांगायला लागला. भारा त्याच्या डोक्यावर नव्हता, बाजूला होता, सगळं नियमाप्रमाणे. एक पट्टा तुटला. आतून झिजलेला होता, बाहेरून कुणाला ते दिसलं नाही. भारा एका टोकानं कलला आणि अर्ध्या सळया सुटल्या.

"बाकीच्या अर्ध्या दुसऱ्या पट्ट्यात तशाच लटकत होत्या," तो म्हणाला. "म्हणून मला खाली उतरता येईना. केबिन सोडली असती आणि त्या हलल्या असत्या तर खाली धावत आलेली सगळी माणसं गेली असती. मी ते धरून बसलो. सगळ्यांना बाजूला करेपर्यंत, दुसरी व्यवस्था होईपर्यंत. त्याचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. एवढंसं. मी त्याच्याकडेच बघत होतो. दुसरीकडे बघायची सोय नव्हती, तिथेच तर भारा होता."

त्या दिवशी शिडीवरून उतरताना त्याचे पाय असे कापत होते की वरच्या एका माणसानं त्याच्या कमरेला दोर बांधला. त्यानंतर तो चढला नाही. दोनदा गेला, पहिल्या टप्प्यावरून परत आला. कंपनीनं त्याला गोदामात बसवलं. तिथे तो हातमोजे आणि हेल्मेटं वाटायचा.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणारच होतो. तू आलीस की सांगू म्हटलं. फोनवर नको. मग तू आलीस आणि त्याचंच नाव काढलंस पहिल्यांदा."

मास्तरणीनं डोळे पुसले. "तिला का नाही सांगत? ती बिचारी काय मागतेय? एक वाक्य."

"तेच तर," तो म्हणाला. "वाक्यच नाही. तो काय बोलला सांगू? डावीकडे घे. अजून थोडं डावीकडे. बस बस. संपलं. एवढंच. लोकांच्या नवऱ्यांनी शेवटी देवाचं नाव घेतलेलं असतं, पोरांना जप म्हटलेलं असतं. हिला काय देऊ मी? डावीकडे घे?"

"मग दुसरं काही सांगा. तिचं नाव घेतलं म्हणा. आपलं काय जातंय? तिच्या जिवाला तेवढाच आधार."

"फोरमनही हेच म्हणाला. सगळे हेच म्हणतात." त्यानं मान हलवली. "अगं, इतकी वर्षं तो दिवसभर माझ्या कानात बोलत होता. तू आणि मी मिळून जेवढं बोललो नसू तेवढं. त्याच्या तोंडात मी माझे शब्द कसे घालू?"

मास्तरणीला ते पटलं नाही. पुरुषांना भलत्या वेळी खरेपणा आठवतो, असं तिच्या मनात आलं. नवरा गमावलेली बाई दारात उभी आहे, आणि हा तांदूळ निवडत बसलाय. तिनं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला तेव्हा नवरा समोरच खुर्चीत बसला होता. त्याचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. मास्तरणीनं फोन घेतला आणि दोघांना ऐकू येईल असा लावला.

"ताई, दादा आहेत?"

"आहेत. पण त्यांच्याच्यानं बोलवत नाही हो. मी सांगते. त्यांनी मला सांगितलंय सगळं." तिनं नवऱ्याकडे पाठ फिरवली. "शेवटी भावजींनी तुमचं नाव घेतलं. तुम्हाला हाक मारली."

बाई म्हणाली, "काय हाक मारली?"

मास्तरणीनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला त्या बाईचं नावच माहीत नव्हतं. विचारायचं सुचलं नव्हतं. पैलवानची बायको म्हणूनच ती तिच्या डोक्यात होती.

"ताई," बाईचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "त्यांनी मला उभ्या आयुष्यात नावानं हाक मारली नाही. लग्न झाल्यापासून 'ऐकलं का' आणि 'अगं ए'. मी कधी चिडून म्हणायचे, मला बारशाला नाव ठेवलंय, ते काय सरकारी कागदावर लिहायला? तर हसायचे. आता मरताना घेतील होय? माझ्या चुलत दिरांनी सांगितलं, देवाचं नाव घेतलं असेल. आईनं सांगितलं, पोरांची आठवण काढली असेल. सगळे मला आपल्या मनानं शिवून देतात. तुम्हीही तेच केलंत."

मास्तरणीचं तोंड शरमेनं लाल झालं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणू शकली.

तेव्हा नवऱ्यानं तिच्या हातातून फोन घेतला.

"वहिनी, मी बोलतोय."

"बोला दादा."

"तो म्हणाला, डावीकडे घे." त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. "मग म्हणाला, अजून थोडं डावीकडे. मग म्हणाला, बस बस. एवढंच. दुसरं काही नाही बोलला, वहिनी. देवाशपथ दुसरं काही नाही. असतं तर मी तुमच्यापासून लपवलं नसतं."



"बस बस? दोनदा?"

"दोनदा."

"आवाज कसा होता? घाबरलेला?"

"नाही. नेहमीचाच. जरासा घाईतला. जेवायची वेळ होत आली होती."

आणि पलीकडून एक विचित्र आवाज आला. मास्तरणीला वाटलं बाई कोसळली. पण ती हसत होती, आणि हसता हसता रडत होती. "जेवताना तसंच करायचे हो. मी वाढायला गेले की बस बस म्हणायचे, दोनदा, आणि हात मात्र आडवा घालायचे नाहीत. मी आपली वाढतच राहायचे. एवढं खाऊनही अंगाला लागायचं नाही." मग एकदम तिचा आवाज बदलला. "दादा, त्यांना दुखलं का?"

नवऱ्यानं मास्तरणीकडे बघितलं. या वेळी तिनं काही सुचवलं नाही.

"मी वरून बघत होतो," तो म्हणाला. "तो हलला नाही. आधी काय झालं ते मला माहीत नाही. त्यानंतर हलला नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि पुन्हा एकदा, "बरं." थोड्या वेळानं म्हणाली, "मी परत फोन केला तर उचला. रडायला नाही करणार. घरातले ते मला माहीत आहेत. तिकडचे माहीत नाहीत. इतकी वर्षं ते तिकडेच होते, आणि ते सगळं तुमच्याकडे आहे. मला थोडं थोडं सांगत जा."

फोन ठेवल्यावर नवरा पलंगावर आडवा झाला आणि तसाच, दिवे न मालवता, बाहेरच्या कपड्यांनिशी झोपला. मास्तरीण शेजारी बसून राहिली. आपण बोललेलं खोटं तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. तो आता बोलायला लागला, खरं आहे. कधी जेवता जेवता पैलवानची एखादी गंमत सांगायचा आणि मध्येच उठून मोरीत जाऊन तोंड धुवायचा. झोपेत दचकायचा. दोघं बाहेर गेले की तो कडेकडेनं चालायचा, आणि डोक्यावर फलक, गॅलरी, काहीही आलं की तिला हातानं बाजूला ओढायचा. ती नाही म्हणायची नाही.

एक दिवस त्यानं आपणहून तिला साईट दाखवायला नेलं. रस्त्याच्या पलीकडून. इमारत मजल्या मजल्यानं वर गेलेली, आणि तिच्या अंगाला लागून ती क्रेन, मास्तरणीनं मनात रंगवली होती त्याहून कितीतरी उंच. मान वर करून बघताना तिलाच गरगरलं. या एवढ्या उंचीवर हा इतकी वर्षं बसत होता. टोकाला दुसराच कुणी होता आता. क्रेनचा आडवा हात सावकाश फिरत होता. पण नवरा वर बघत नव्हता. तो खाली, कुंपणाच्या फटीतून, हुकाला माल बांधणाऱ्या माणसाकडे बघत होता.

"घाई करतोय," तो पुटपुटला. "पट्टा हातानं चाचपायला हवा. पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नुसता बघून चालत नाही."

मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी अर्ज दिलाय. वरचं काम आता माझ्याच्यानं होणार नाही. खालचं मागितलंय. माल बांधायचं. प्रशिक्षण देतात. होकार आलाय."

मास्तरणीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भर रस्त्यात ओरडली. "पैलवानभावजींचं काम?"

"कुणीतरी करणारच ना."

"तर तुम्हीच करायचं? वरून सुटलात म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तुम्ही आता भाऱ्याखाली जाऊन उभे राहणार? हे कसलं शहाणपण? घरी चला. दुकानात मला हाताखाली माणूस हवाच आहे. नाहीतर आणखी काही करा. पण घरी चला."

"घरी येऊन मी काय करेन माहीताय? तुझ्या दुकानात बसून मी हेच बघत राहीन. इथे कुणीतरी घाईत पट्टा लावतोय."

"जगातले सगळे पट्टे तुम्ही एकटे तपासणार आहात का?"

"नाही. माझ्या हातात येतील तेवढे."

"आणि मी? मी तिकडे फोनकडे डोळे लावून बसू? ती बसली तशी?"

तो कुंपणाकडे बघत उभा राहिला. एक बस आली, थांबली, गेली. मास्तरणीला रस्त्यावर रडायचं नव्हतं म्हणून ती पुढे चालायला लागली, आणि तो चार पावलं मागून आला.

उरलेले दिवस अबोल्यात गेले. म्हणजे बोलणं व्हायचं, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. ती आपल्या बाजूनं हट्टाला पेटली होती आणि तो आपल्या. पण रात्रीचं जेवण तो तिच्याशिवाय जेवायचा नाही, आणि सकाळी ती त्याचा शर्ट इस्त्री केल्याशिवाय राहायची नाही. एका दुपारी तिनं त्याचे सगळे शर्ट उसवून, बाजूच्या शिवणी आत घेऊन, आताच्या मापाचे करून टाकले. हातशिलाईनंच, मशीन कुठे होतं? त्यानं संध्याकाळी एक घालून बघितला आणि म्हणाला, "बसतोय." ती काही बोलली नाही.

विमानतळावर निरोपाच्या वेळी तो म्हणाला, "मग? करू ना ते काम?"

"अर्ज देताना विचारलं होतंत का?"

"नाही."

"मग आता कशाला विचारता?"

"तू हो म्हणालीस तर बरं वाटेल."

"मी हो म्हणणार नाही," मास्तरीण म्हणाली. "कधीच म्हणणार नाही. हे तुम्ही माझ्या होकाराशिवाय करणार आहात, एवढं लक्षात ठेवा." आणि तिनं त्याची कॉलर नीट केली, पिशवी उचलली आणि आत गेली. मागे वळून बघितलं तर तो काचेपलीकडे उभा होता.

नव्या कामाचा त्याचा पहिला दिवस उजाडला तेव्हा मास्तरीण दुकानात होती. सकाळीच तिनं एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी जोडली. उसवली, पुन्हा जोडली, पुन्हा उलटी. तिनं मशीनवर कापड झाकलं, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं ओढलं. मग पैलवानच्या बायकोला फोन लावला.

"ताई? काय झालं?"

"काही नाही. त्यांचा आज पहिला दिवस. खालचा." तिनं गळ्यातली टेप काढून ठेवली. "माझं लक्ष लागत नाही. तुम्ही कामात आहात का?"

"भाजी निवडतेय. बोला तुम्ही. फोन कानाशी धरलाय मी."

दोघी बोलत राहिल्या. कशाबद्दल बोलल्या ते नंतर मास्तरणीला नीट सांगता आलं नसतं. पोरांच्या शाळा, भाजीचे भाव, कुठलंसं लग्न. कधी दोघी गप्प बसायच्या आणि फक्त पलीकडची भांडी वाजायची. एकदा मास्तरणीनं विचारलं, "तुमचं नाव काय हो? मी अजून विचारलंच नाही." बाईनं सांगितलं. मास्तरणीनं ते दोनदा म्हणून बघितलं. दुपार कलली तशी बाई म्हणाली, "आता सुटायची वेळ झाली असेल तिकडची. मला ठाऊक आहे. हे याच वेळेला फोन करायचे."

थोड्याच वेळात मास्तरणीच्या कानाशी दुसरा फोन आल्याची टुणटुण झाली.

"घ्या, घ्या," बाई म्हणाली. "त्यांचाच असेल."

"उद्या करू का मी परत?"

"करा की. उद्याही ते कामावर जातीलच ना."